भिंतीची वेल आणि माझी सुतळी

मिरजगावातल्या आमच्या घराची पश्चिमेची भिंत मार्च लागला की तव्यासारखी तापते. नेमकी त्याच भिंतीला लागून बायकोची शिलाई मशीन. दर उन्हाळ्यात ती उचलून स्वयंपाकघरात न्यायची, मग ब्लाऊजना फोडणीचा वास आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी. शेवटी तिने जाहीर केलं, भिंतीला बाहेरून पत्रा मारायचा. मी म्हणालो, पत्रा कशाला? वेल चढवू.

"येत्या उन्हाळ्यापर्यंत बघते," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर पत्रा."

पावसाळ्याच्या तोंडावर मी नर्सरीतून भिंतीला चिकटणारी वेल आणली. आता वेल चढवायला मला कोण शिकवणार? मळ्यात दोडक्याचे मांडव बांधण्यात माझी हयात गेली. गच्चीवरून सुतळ्या सोडल्या, भिंतीत खिळे ठोकले.

पण ही बया सुतळीकडे ढुंकून बघेना. निघाली आडवी, बाथरूमच्या पाइपाकडे. मी रोज सकाळी तिला भिंतीपासून अलगद सोडवायचो, वर वळवायचो आणि सुतळीला बांधायचो. भिंतीवर मागे बारीक ठिपके उरायचे. मला वाटायचं, काय जोमात आहे!

शेजारच्या वहिनी गच्चीवरून बघत. "भाऊजी, वेल बांधताय का बैल?"

दिवाळीपर्यंत वेल सुतळीवर टांगलेली आणि पार वाळलेली. बायकोने बाहेर येऊन ते ठिपके नखाने खरवडून पाहिले.

"अहो, ही हिची मुळं हायत! दोडका सुतळीला धरतो, ही मुळांनी भिंत धरतीय. अन् तुमी रोज उपटताय. सुटलेलं मूळ परत चिकटतंय व्हय?"

मी म्हणालो, "मेली आता. आण पत्रा."

तिने सुतळ्या ओढून काढल्या, वेल बुडापासून वीतभर ठेवून छाटली आणि धुण्याचं उरलेलं पाणी भिंतीवर मारायला लागली. जमिनीतलं मूळ जिवंत होतं. महिनाभरात कोवळे फुटवे आले, ओल्या भिंतीला आपले आपण चिकटले आणि वाटेल तिकडे सरपटत निघाले.

उन्हाळ्यात वेल जेमतेम खिडकीपर्यंत पोचली होती. मशीन नेहमीप्रमाणे स्वयंपाकघरात गेली. मी भीत भीत पत्र्याचं विचारलं.

"एवढी चढलीय, तिच्यावर पत्रा मारू?" तीच माझ्यावर उखडली.

पुढच्या पावसाळ्यात भिंत दिसेनाशी झाली. यंदा मे महिन्यातही मशीन जागची हलली नाही. खोली गार झाली असं मी म्हणणार नाही, पण बसवतं.

एक शेंडा मात्र परवापासून पुन्हा पाइपाकडे वळलाय. चहाचा कप घेऊन मी त्याच्यापाशी नुसता उभा राहिलो, तर आतली मशीन थांबली.

"अहो, हात मागं."


मी कप दोन्ही हातांनी धरला.