आरमारकाकांचा कोयता

"ताई, परग्रहावरची मराठी टाईप होते का?" माझ्या संगमनेरच्या टायपिंगच्या दुकानात आरमारकाका पहिल्यांदा आले ते हे विचारतच. धंदा म्हटल्यावर सगळंच होतं, मी हो म्हणाले. त्यांनी पिशवीतून सात जाडजूड वह्या काढल्या. अक्षर गोल, सुटसुटीत. मागे काकू शांतपणे स्टुलावर बसल्या.

वह्यांत अकरा सूर्यमालांवर पसरलेलं साम्राज्य होतं आणि त्याचं आरमार. काकांची सगळी नोकरी साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून, म्हणजे शेतोशेती फिरून ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देण्यात गेलेली. विश्वाचा कारभारही त्यांनी त्याच वळणावर नेला होता. ताफा म्हणजे टोळी, सेनापती म्हणजे मुकादम. युद्ध दिवाळीनंतर सुरू व्हायचं आणि पावसाळा लागला की शत्रूसुद्धा घरी जायचा. एका लढाईत शत्रू दारात आलेला, आणि आपली दोनशे जहाजं चंद्राभोवती नंबर लावून उभी, कारण चिठ्ठी देणारा जेवायला गेला होता! मी इतकी हसले की एक गिऱ्हाईक झेरॉक्स न घेताच निघून गेलं.

काका मात्र गंभीर असायचे. "हसू नका. चिठ्ठी न्हाई तर आरमार न्हाई," असं बजावायचे. मला ते भारी आवडायचे.

आरमारातलं सगळ्यात लहान जहाज म्हणजे कोयता. एका कोयत्यात एक वीर. त्यानं शत्रूची जहाजं तोडायची आणि मोळी बांधून आणायची. टाईप झालेली पानं काका दुकानात मोठ्यानं वाचून तपासत, काकू कोथिंबीर निवडत बसत. त्या पाथर्डीकडच्या, त्यांचे आईवडील दरसाल इकडे ऊस तोडायला यायचे. चार महिने त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुस्तक प्रेसला जायच्या दिवशी शेवटची लढाई वाचून झाली. साम्राज्य हरलं. काकूंनी कोथिंबिरीची जुडी बाजूला ठेवली.

"अवो, ऊसतोडीत कोयता म्हंजी दोन मान्सं. नवरा तोडतो, बायकू मोळी बांधती. तुमी येकलाच गडी बसिवलाय. मंग हरनारच की."

जन्मभर शेतात कोयते मोजलेला माणूस तोंड उघडं टाकून बघत राहिला. हे आधी का नाही सांगितलंस, असं त्यांनी कसंबसं विचारलं.

"लिवतानाच दिसलं हुतं. तुमी इचारलं न्हाई."

ते गोल अक्षर काकूंचं होतं! काका सांगत गेले होते, त्या लिहीत गेल्या होत्या. काका आधी लाल झाले, मग खोकला लागेपर्यंत हसले, आणि प्रेस थांबवा म्हणाले. मी चरफडत चारशे पानं पुन्हा केली. प्रत्येक जहाजात दुसरी खुर्ची बसली आणि साम्राज्य ठरल्या वेळेच्या पंधरा दिवस आधीच जिंकलं. मग काकांनी मुखपृष्ठावरचं स्वतःचं नाव खोडलं आणि तिथे लिहिलं, 'लेखक : एक कोयता'.

यंदा काका गेले. महिन्याभरानं काकू एकट्याच दुकानात आल्या. पिशवीत आठवी वही होती, काकांनी सांगून ठेवलेली, निम्मी लिहायची राहिलेली. उरलेलं आता त्या पुरं करत होत्या. त्यांना बघून मला रडू आवरेना. या पुस्तकावर नाव कुणाचं घालायचं, ते मी चाचरतच विचारलं.

"हाय तेच ऱ्हाऊ दे, पोरी," काकू म्हणाल्या. "त्यांनी तोडून ठिवलंय. मी मोळी बांधतीय."