वरखाली काकांची भीती

त्यांचं खरं नाव आजूबाजूच्या इमारतींत कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना ‘वरखाली काका’ म्हणायचे. लिफ्ट बसवणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, आणि हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलेलं. “काय काका, कसं चाललंय?” असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं, “कधी वर, कधी खाली. मध्ये अडकलो नाही म्हणजे मिळवली!” आणि मग स्वतःच्याच विनोदावर पोट हलवत हसायचे.

घरात ते, त्यांची बायको आणि एकुलती एक लेक. लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. बाप आणि लेक दोघंही बारकाईच्या कामातले, त्यामुळे जेवताना गप्पा रंगायच्या. आई म्हणायची, “एकाचं डोकं दोरात, एकीचं काचेत. माझ्या आमटीकडे बघतंय कोण?”

निवृत्त झाल्यावर काही महिने काका मजेत होते. मग हळूहळू काहीतरी बिघडायला लागलं. पहाटेच जाग यायची आणि ते खोलीत येरझाऱ्या घालायचे. अन्न मातीसारखं लागतं म्हणायचे. कंबरेचा पट्टा ढिला झाला. डोळ्यांतून मात्र टिपूस नाही, त्यामुळे मन दुखतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही. नेहमीच्या डॉक्टरांनी पोटाच्या गोळ्या दिल्या. शेजारी म्हणाले, “रिकामं बसलं की माणूस असाच होतो. काहीतरी छंद लावा.”

एके दिवशी दुपारी लेक लवकर घरी आली. काका दारातच उभे होते. त्यांनी तिचा दंड घट्ट धरला.

“लिफ्टनं आलीस?”

“हो. का बाबा?”

“यापुढे यायचं नाही. जिना चढायचा. ऐकतेस ना?” त्यांनी दंड आणखी आवळला. “मी दोर नीट तपासले नाहीत गं. कुठलेच नाहीत. इतकी वर्षं नुसत्या सह्या केल्या. आता एकेक लिफ्ट पडणार. माणसं मरणार, माझ्यामुळं.”

ज्या माणसानं ताप अंगावर काढून तपासणीची पाळी चुकवली नाही, तो हे बोलत होता. तिनं त्यांच्या कामावरच्या जुन्या जोडीदाराला घरी बोलावलं. त्या बिचाऱ्यानं समजावलं, “अरे, त्यातल्या निम्म्या लिफ्ट केव्हाच बदलल्या. तुझ्या हातचा एक दोर कधी दगा देऊन गेला नाही.” काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुला माझी दया येते म्हणून खोटं बोलतोयस.”

पालथ्या घड्यावर पाणी घालून काय उपयोग?

भीती मात्र संसर्गासारखी पसरते. दुसऱ्या दिवशी लेक दुकानाच्या इमारतीत लिफ्टपाशी उभी राहिली. दार उघडलं, आणि तिचा पाय काही आत पडेना. तिला पक्कं माहीत होतं की हे सगळं बाबांच्या मनाचे खेळ आहेत. तरी ती मागं फिरली. ती जिना चढून गेली, आणि चढताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग काका पूर्वी जिथली लिफ्ट सांभाळायचे, त्या एका इमारतीच्या पहारेकऱ्याचा फोन आला. “ताई, ताबडतोब या. काका वरच्या मजल्यावर आहेत. जवळच्या किल्लीनं लिफ्टचं दार उघडलंय त्यांनी. मी लिफ्ट बंद केलीय, पण ते माझं ऐकत नाहीत.”

जीव मुठीत धरून ती धावली. वर पोहोचली तेव्हा काका उघड्या दारापाशी उभे होते. समोर काळोखी पोकळी. तेलाचा आणि धुळीचा ओळखीचा वास येत होता. लहानपणी तो वास आला की बाबा घरी आले असं तिला कळायचं. आज त्याच वासानं ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

“बाबा.”

“दोर बघतोय.” त्यांनी मान वळवली नाही.

“बघा. पण एक पाऊल मागं येऊन बघा. मला तुमचा हात धरू द्या.”

त्यांनी आत बघतच विचारलं, “तू जिन्यानं आलीस?”

“जिन्यानंच.”

“शहाणी पोर.” आणि ते मागं सरकले. तिनं त्यांना असं घट्ट धरलं की पहारेकऱ्याला दार लावायला त्यांना वळसा घालून जावं लागलं. किल्ली तिनं त्यांच्या खिशातून काढून घेतली.

त्याच संध्याकाळी ती त्यांना मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आडवळण न घेता विचारलं, “काका, मरून जावं असं वाटतं का?” लेक दचकली. हे असं विचारायचं? नसलेला विचार डोक्यात भरला तर? काका मात्र पहिल्यांदाच सैल पडून बोलले, “रोज वाटतं.” बाई नंतर तिला म्हणाल्या, “विचारल्यानं विचार येत नाही. आधीच आलेला असतो, त्याला बोलायला वाट मिळते.”

“पण हे रडत नाहीत हो,” आई म्हणाली. “उदास माणूस रडतो ना?”

“रडतोच असं नाही. नैराश्याची रूपं अनेक असतात,” बाई म्हणाल्या. “कुणाला ते थोडं थोडं वर्षानुवर्षं पोखरतं, माणूस कामावर जातो, हसतो, कुणाला पत्ता लागत नाही. कुणाला बाळंतपणानंतर गाठतं. कुणी काही दिवस खोल खाली जातं आणि मग भलतंच वर, तो आजार वेगळा आणि त्याची औषधंही वेगळी. काकांचं खाली जाणं इतकं खोल आहे की मन स्वतःविरुद्ध खोटी साक्ष द्यायला लागलंय. त्यांना ती खोटी वाटत नाही. वाद घालू नका. आणि त्यांना एकटं सोडू नका.”

काकांना इस्पितळात ठेवलं. गोळ्या सुरू झाल्या, पण गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तेवढा वेळ हाताशी नव्हता. काकांनी अन्न सोडलं. “ज्याच्या हातून माणसं मरणार, त्यानं खायचं कशाला?” मग पाणीही नको म्हणायला लागले. सलाईनची नळी उपटून टाकली. बाईंनी लेकीला आणि आईला बोलावून सांगितलं, “विजेचे उपचार द्यावे लागतील. अशा आजारात त्यांचाच सगळ्यात लवकर गुण येतो.”

आई ताडकन उठली. “शॉक? जन्मभर विजेत हात घालणारा माणूस, मी रोज देवाजवळ त्यांना सांभाळ म्हणायची, आणि आता आपल्या हातानं त्यांच्या डोक्याला वीज लावू?”

बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. भूल देतात, अंग सैल करणारं औषध देतात, काही क्षणांचा करंट, मेंदूत फिट येते, अंग जेमतेम हलतं. दुखत नाही. उठल्यावर डोकं दुखेल, गोंधळल्यासारखं होईल. काही आठवणी पुसट होतील, त्यातल्या काही परत येणारही नाहीत. बाईंनी काहीच झाकून ठेवलं नाही. लेकीला त्याचीच जास्त भीती वाटली.

मग बाईंनी काकांनाही हे सगळं समजावलं. ते छताकडे बघत म्हणाले, “म्हणजे शिक्षाच ना? द्या. मी तयार आहे.”

बाईंचा चेहरा पडला. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, “हा होकार मी होकार म्हणून धरणार नाही. ते उपचाराला हो म्हणत नाहीयेत. तुम्हा दोघींनाच ठरवायला लागेल.”

आईनं लेकीकडे पाहिलं. लेकीच्या मनात एकच घोळत होतं. सही केली आणि बाबा उठलेच नाहीत तर? उठले आणि त्यांनी मला ओळखलंच नाही तर? आणि सही नाही केली तर ते पाण्यावाचून डोळ्यांदेखत जातील. आई हळूच म्हणाली, “कर बाई. माझा हात कापतोय, पण माझंही नाव लिही.”

पहिल्या खेपेला दोघी बाहेरच्या बाकावर एकमेकींना चिकटून बसल्या. आईनं पदराचं टोक तोंडात धरलं होतं. दार उघडलं आणि काकांना ढकलगाडीवरून आणलं. श्वास संथ. डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटले. त्यांनी ओळखलं की नाही, तिला कळलं नाही. त्या दिवशी त्यांच्यात काही फरक पडला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. तिसऱ्या खेपेनंतर ते परिचारिकेच्या हातून पाणी प्याले. मग एका दुपारी आईनं सुपाचा चमचा पुढं केला तर ते तोंड वाकडं करून म्हणाले, “मीठ कुठाय यात?”

आई हसायला लागली आणि हसता हसता हमसून रडली. काका गोंधळून लेकीला म्हणाले, “एवढं काय बोललो गं मी?”

लिफ्टचं खूळ लगेच गेलं नाही. आधी ते ‘पडतील’वरून ‘पडल्या तर?’वर आले, मग एके दिवशी स्वतःच म्हणाले, “असं कसं वाटलं असेल मला?” उघड्या दारापाशी उभं राहिल्याचं त्यांना आठवतच नाही. लेकीनं सांगितलं तेव्हा ते पांढरे पडले. लेकीच्या लग्नाची बोलणी ज्या वर्षी फिसकटली, ते वर्षही त्यांच्या डोक्यातून गेलंय. “ते गेलं तर जाऊ दे,” लेक म्हणते.

आता गोळ्या रोज चालू आहेत. बाईंकडे बोलायलाही जातात. काम सुटल्यावर आपली कुणाला गरज उरली नाही, हे त्यांनी तिथंच पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं.

लेकीची भीती मात्र गोळ्यांनी जाणारी नाही. बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला की तिचा हात थबकतो. पहाटे पावलं वाजली की ती कान टवकारते. मध्यंतरी एकदा सलग काही दिवस ती पावलं वाजली. ती अंथरुणात ताठ पडून होती, उठायचं धाडस होईना. तेवढ्यात काकाच तिच्या दारात आले.

“झोपलीस का गं? छातीवर पुन्हा दगड ठेवल्यासारखं झालंय. मला भीती वाटतेय. आज बाईंकडे जाऊ या?”

ती उठून बसली. “मलाही वाटतेय, बाबा.”

“मग दोघं मिळून जाऊ.”

आईनं चहा टाकला. उजाडल्यावर तिघंही निघाले. बाईंनी गोळीची मात्रा वाढवली. त्या खेपेला इस्पितळात राहावं लागलं नाही.