दोन्ही दिवे हिरवे

गुरुग्रामच्या एका खासगी हॉस्पिटलात मी सर्व्हर सांभाळते. तळघरातली ती खोली कधीच गप्प नसते. पंख्यांची घरघर दिल्लीत द्वारकेला घरी पोचल्यावरही तासभर कानात राहते.

आमच्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय आहेत. एक वायर एका लाईनवर, दुसरी दुसऱ्या लाईनवर. एक लाईन गेली तरी मशीन चालू राहावं म्हणून हा खटाटोप. वायरी मीच जोडल्या होत्या, प्लास्टिकच्या टायने बांधून अगदी चापूनचोपून. दर महिन्याला मी एक वायर उपटून बघायची, मशीन चालू राहायचं, आणि परत लावली की दोन्ही दिवे हिरवे. आख्खी लाईन बंद करून मात्र कधी पाहिलं नाही.

जानेवारीत एका लाईनची दुरुस्ती निघाली. सर्जननी फोन केला. त्याच वेळी एका बाईच्या मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन होतं, आमच्या सर्व्हरवरचे स्कॅन थिएटरच्या स्क्रीनवर लागणार होते. ऑपरेशन पुढे ढकलू का, असं विचारलं.

"नहीं सर, बिल्कुल कीजिए," मी म्हटलं. "आपको पता भी नहीं चलेगा."

सकाळी अकराला इलेक्ट्रिशियनने लाईन बंद केली आणि दोन्ही दिवे एकदम विझले. पंखे मंदावत थांबले. एसीही थांबला. पाच वर्षांत त्या खोलीतली शांतता मी ऐकलीच नव्हती. माझाच श्वास मला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला, इतका की मी खरोखर वळून पाहिलं.

फोन वाजला. सर्जन थिएटरमधून बोलत होते. "स्कॅन गए. सिर खुला है. कितना टाइम?"

आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. मी फोन चालूच ठेवून जमिनीवर ठेवला आणि रॅकच्या मागे गेले. दोन्ही वायरी एकाच लाईनच्या सॉकेटच्या पट्टीत खोचलेल्या होत्या. वरून कीर्तन, आतून तमाशा. एक उपटून मी दुसऱ्या लाईनवर लावली. पंखे फिरायच्या आधीचे काही क्षण खोलीत एकच आवाज होता, फोनमधून येणारा मॉनिटरचा. एका अनोळखी बाईचं हृदय माझ्या पायाशी वाजत होतं. मग पंखे सुरू झाले आणि तो आवाज बुडाला. सर्व्हर उठेपर्यंत मी फोनला कान लावून बसले. दर ठोक्यानंतर वाटायचं, आता पुढचा येणार नाही. देवाचं नाव घ्यायचीही हिंमत झाली नाही.

स्कॅन परत आले. "आ गया," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वायरी आता जागच्या जागी होत्या. कुणी पाहिलं असतं तरी काही कळलं नसतं. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, कारण स्पष्ट नाही.

तेव्हापासून घरातली शांतता मला सोसत नाही. भर थंडीत पंखा लावून झोपते. आई म्हणते, "अगं, वेड लागलंय का तुला?"

पाचव्या दिवशी एक माणूस मला शोधत तळघरात आला. त्या बाईचा नवरा. चोराच्या मनात चांदणं. त्याने हात जोडले.

"डॉक्टर साहब ने बताया, मशीन आपने चालू की. वो अब बोल रही है, मॅडम." त्याने पेढ्यांचा डबा पुढे केला.

सांगायला हवं होतं. शब्द अगदी ओठांवर होते. तो डबा धरून थांबला होता, म्हणून मी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अच्छा है."