उत्तराचा प्रकार

सकाळपासून माझी चाचणी नापास होत होती. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या वैशालीने लिहिलेली लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, मी माझ्या छोट्या स्क्रिप्टमधून तपासत होतो. अशी लायब्ररी बांधून बंद केलेली असते, आत डोकावता येत नाही. फंक्शनला नावाने हाक मारायची आणि देईल ते उत्तर घ्यायचं. मी टाकीतल्या पाण्याचं तापमान विचारलं की भलताच आकडा यायचा.

"तुझी लायब्ररी वाट्टेल ते बोलते," मी सगळ्यांसमोर म्हणालो.

तिने शांतपणे विचारलं, "उत्तर दशांशात येणार, हे तुझ्या स्क्रिप्टला सांगितलंयस का?"

नव्हतं सांगितलं. न सांगितल्यास स्क्रिप्ट पूर्णांकच येणार असं धरून चालते आणि आलेल्या नेमक्या उत्तराचा कचरा करते. लायब्ररी पहिल्यापासून खरं तेच बोलत होती. मी एक ओळ वाढवली, चाचणी पास झाली. वैशालीची माफी मागितली, तिने ते हसून सोडूनही दिलं.

मला मात्र चैन पडेना. आईला मी रोज फोन करतो. "बरी आहेस ना?" असं विचारतो, म्हणजे उत्तर आधीच ठरवून. काल ती म्हणाली होती, "हो रे, गुडघा तेवढा जरा..." मी "हो" ऐकलं आणि फोन ठेवला.

जिन्यात जाऊन तिला फोन लावला. "आई, कशी आहेस?" एवढंच विचारलं आणि गप्प राहिलो.

घाबऱ्या आवाजात ती म्हणाली, "काय झालं रे तुला?"