पारायण झालं, अक्षरं राहिली

वडिलांच्या दफनाच्या वेळी मी कद्दिश म्हटलाच नाही. नुसते ओठ हलवले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. वडील रेल्वेत, म्हणून मिरजेत वाढलो. तिथं आमच्या समाजाचं एकच घर. कद्दिश ही मुलानं बापासाठी दहा पुरुषांसमोर म्हणायची प्रार्थना. घरी ती देवनागरीत लिहिलेली होती, पण गडबडीत मिरजेतच राहिली. आमची दफनभूमी पुण्यात; तिथं कुणीतरी हिब्रू पुस्तक हातात दिलं. मला ती अक्षरं येत नव्हती. शेजारी चुलते खड्या आवाजात म्हणत होते, त्या आवाजाआड उभा राहिलो. सगळे 'आमेन' म्हणाले. वडिलांचे जुने स्नेही पाठीवर हात ठेवून म्हणाले, "छान म्हटलास, बाळा."

आता नोकरीपायी साताऱ्यात एकटाच असतो. बायको सांगलीला शाळेत शिकवते. पन्नाशी उलटल्यावर तोरा वाचायला घेतली, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातली मोशेची पाच पुस्तकं. मराठीतून. दर शनिवारी ठरलेला भाग, वर्षात पूर्ण. वर राहणारे निवृत्त सुभेदार जिन्यातून विचारायचे, "आवं, पारायण कवा संपतंय? उद्यापनाला पोळ्या हायत न्हवं?"

"संपलं की लगेच पहिल्यापासून सुरू करायचं असतं."

"म्हंजे जेवान न्हाईच म्हना की!"

एकदाचं संपलं. 'छान म्हटलास' म्हणणाऱ्या, वडिलांच्या त्या स्नेही काकांना पुण्याला कौतुकानं फोन केला.

"पारायण झालं म्हण," ते म्हणाले. "आता अभ्यास कर. आपल्यात एकट्यानं नाही शिकत. दोघं बसतात. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं अडवायचं. तुला तिथं कोण मिळणार? मी आहे फोनवर. रविवारी मूळ हिब्रूतलं वाचून दाखव."

मराठीतून एकट्यानं वाचण्यात एक सोय होती. ऐकणारं कुणी नव्हतं. चुकलो, गाळलं, डुलकी लागली, तरी अडवणारं कुणी नाही. मला तेच हवं होतं, हे तेव्हा कळलं.

एका रविवारी ताप आला म्हणालो. पुढच्या रविवारी पाहुणे. माझ्या खोलीवर कसले पाहुणे? त्या दिवशी कुणाशी बोललो असेन तर दूधवाल्याशी. संध्याकाळी मीच फोन लावला.

"काका, मला वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"अक्षरंच येत नाहीत."

दफनाच्या दिवशी 'आमेन' म्हणणाऱ्यांत तेही होते.

"मग पहिल्या अक्षरापासून, आलेफपासून धरू," ते म्हणाले. "चष्मा घे."

दफनाचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. आता दर रविवारी अक्षरं जुळवत तोराच्या पहिल्या ओळीवर अडखळतो, ते अडवतात, मी पुन्हा म्हणतो. आवाज खोलीत फार मोठा वाटतो.

ओळ कधीतरी येईल. पण काकांना खरं सांगायचं राहिलंय. आणि दहाजणांसमोर, माझ्या स्वतःच्या आवाजात, वडिलांसाठी एक कद्दिश. तो मी अजून देणं लागतो.