बंद घराची बेल

आमच्या इमारतीतली निम्मी घरं बंद. मालक परदेशात, आणि त्यांचा ठाम समज असा की कुलूप लावलं की घराचा खर्च संपला. मग मोरीच्या जाळीखालचं पाणी आटून गटाराचा वास सुटतो, पाइप गळून खालच्याच्या छताला ओल येते, आणि मालक फोनवर म्हणतात, "आम्ही तर तिथं राहतच नाही!" माझ्या छताने हे भोगलंय, म्हणून या लोकांवर मी खार खाऊन असते.

ही घरं सांभाळतात किल्लीकाकू. कमरेला जुडगा, पायात रबरी चपला. दर आठवड्याला खिडक्या उघडायच्या, नळ सोडायचे, जाळ्यांत पाणी ओतायचं आणि निघताना मेन स्विच खाली ओढायचा. देखभालीची फी थकवणाऱ्याला त्या असं फैलावर घेतात की तो मुकाट्याने भरतो.

वरच्या मजल्यावरचं एक घर त्यांच्या मुलाचं. "आई, परत आलो की आपण इथेच राहायचं," असं म्हणून त्याने ते घेतलं आणि विमानात बसला. तोही इतर मालकांसारखीच फी पाठवतो. काकू ती निमूट घेतात आणि जिन्याखालच्या खोलीत राहतात.

त्या घरात शिरण्याआधी काकू बेल वाजवतात. किल्ली हातात, आत चिटपाखरू नाही, तरी वाजवतात आणि थांबतात. मी एकदा चिडवलं, "काकू, आतून कोण 'आलो आलो' म्हणणार आहे?"

"अगं, बेल चालू आहे ना ते बघते," त्या हसून म्हणाल्या.

या बेलपायी त्या एका घराचा मेन स्विच कायम चालू. फ्रिजही चालू, आत पाण्याच्या बाटल्या. का, तर लेकाला थंडगार पाणी लागतं!

शेवटी विजेच्या बिलाने चहाडी केली. मुलाचा फोन आला तेव्हा काकू माझ्याकडेच बसल्या होत्या. ऐकू कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

"आई, बंद घराला एवढं बिल कसं?"

काकूंनी सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग तूच जा ना तिथं राहायला. घर वापरात तरी राहील."

मला वाटलं, पोरगा गुणी निघाला. काकूंचा चेहरा मात्र उतरला.

"जाईन रे. पण तू कधी येतोस?"

"आई, आता मुलांच्या शाळा, सगळं इथंच आहे गं."

दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर वर गेले. त्यांनी बाटल्या मोरीत रित्या केल्या, फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं, मेन स्विच खाली ओढला.

"म्हणजे राहायला येणार नाही तुम्ही?"

"मला त्याच्याबरोबर राहायचं होतं गं," काकू म्हणाल्या. "नुसत्या घराचं काय करू?"

बाहेर येऊन त्यांनी कुलूप लावलं आणि सवयीने त्यांचं बोट बेलवर गेलं. बेल वाजली नाही. काकू तरीही थांबल्या.