मजकूर काढलेले एकोणीस खंड

चंपतरावांना पुस्तकाचं नाव सांगायची गरज नसे. "निळं, जाड, कोपरा उंदरानं खाल्लेलं" एवढं म्हटलं तरी ते स्टॅकमध्ये शिरत आणि चार मिनिटांत पुस्तक टेबलावर आणून ठेवत, तेही धूळ पुसून. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात पस्तीस वर्षांहून जास्त काळ ते परिचर होते. संगणकात जे सापडत नाही ते चंपतरावांना विचारायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. संगणक चिडत नसे आणि चंपतराव चिडत, एवढाच फरक. कुणी पुस्तक उघडंच पालथं ठेवलं, की मोठ्या प्राध्यापकालाही ऐकून घ्यावं लागे. "त्याची पाठ मोडते ना सर! तुमाले असं पालथं निजवलं त चालंल का?"

मी चिन्मयी. याच कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. विषय आहे दुसऱ्या महायुद्धानंतरचं अमेरिकन घर. नागपुरात बसून अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांचा अभ्यास करते म्हटल्यावर लोक हसतात. आमच्या घरचे तर जास्तच हसतात, कारण इथल्या स्वयंपाकघरात मी फारशी कुणाला दिसत नाही. असो.

गेल्या वर्षी माझं घोडं एका जागी अडलं. तेव्हाच्या अमेरिकेत घर म्हणजे काय, हे लोकांना जाहिरातींनी शिकवलं, असं मला दाखवायचं होतं. त्या काळातलं एक घरगुती मासिक इंटरनेटवर सापडलं, पण ते तिकडच्या कुठल्याशा ग्रंथालयातल्या बांधीव प्रतींवरून घेतलेलं होतं. आणि मासिकं बांधताना मुखपृष्ठं नि जाहिराती काढून टाकायच्या, मजकूर तेवढा ठेवायचा, ही ग्रंथालयांची जुनी रीत. म्हणजे मला नको ते सगळं होतं आणि हवं ते एक पान नव्हतं. मी गाइडना मेल करून रडगाणं गायलं आणि एक दिवस कंटाळून आमच्याच ग्रंथालयाचं जुनं ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे दाखल पुस्तकांची नोंदवही, चाळायला घेतलं. तर तिथे तेच मासिक! १९४६ ते १९६४, एकोणीस खंड, शेरा 'भेट'. साठच्या दशकात तिकडून जुन्या अंकांचे गठ्ठे फुकट येत असत म्हणे.

मी धावत चंपतरावांकडे गेले.

"गहाळ हाये थे," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

एक साधं व्याकरणाचं पुस्तक हरवलं तर तीन दिवस जेवणावरून उठणारा हा माणूस एकोणीस खंड गहाळ आहेत म्हणून शांतपणे सांगतो, हे मला खटकायला हवं होतं. मला फक्त राग आला. दोन महिन्यांत मी चार वेळा विचारलं. चौथ्यांदा जरा जास्तच बोलले, "काका, तुमच्या राज्यात एकोणीस खंडांना पाय फुटले होय?" ते चहाला निघून गेले.

मग कॉलेजच्या तपासणीचे वारे वाहू लागले. समिती येणार म्हटलं की आमच्याकडे भिंतींना रंग लागतो आणि जुन्या पुस्तकांवर गंडांतर येतं. ग्रंथपाल सुमतीबाईंनी रद्दीत काढायच्या पुस्तकांची यादी माझ्या हातात दिली. "इतिहासाची तेवढी बघून दे गं, शनिवारी ग्रंथालय समितीपुढे ठेवायची आहे," म्हणाल्या. शेवटच्या पानावर तेच मासिक होतं. एकोणीस खंड. कारण: 'अपूर्ण'. नोंद करणाऱ्याची सही: चंपतराव भोयर.

गहाळ वस्तू रद्दीत कशी काढतात? मी तशीच तळघरातल्या स्टॅकमध्ये उतरले. चंपतराव डबा खायला गेले होते. वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमागे एक लोखंडी कपाट होतं. त्याला कुलूप नव्हतं, आणि आत एकोणीस खंड ओळीनं उभे होते. कापडी पाठीचे, घट्ट शिवलेले. कसर नाही, वाळवी नाही. मी १९५३ चा काढला आणि जमिनीवरच बसले.

पहिल्या पानावर उघडा फ्रिज, आत दुधाच्या चार बाटल्या, अख्खं भाजलेलं मांस, आणि शेजारी मोत्यांची माळ घातलेली बाई अशी उभी, की फ्रिजचं लग्न आहे आणि ती वरमाय आहे. पान उलटलं. कपडे धुण्याचं यंत्र. पुन्हा उलटलं. चादरी. मोटार. गवत कापायचं यंत्र आणि ते ढकलणारा हसरा बाप. मी उलटत गेले आणि माझ्या लक्षात येईना की हे काय चाललंय. लेख येतच नव्हते. पुढचं पान जाहिरात, त्यापुढचं जाहिरात. जाहिरातीच्या पाठीवर छापलेली एखादी कथा तेवढी उरली होती. ती मधूनच सुरू होई आणि मधेच संपे. जगानं ज्या पानांची रद्दी केली ती सगळी इथे होती, आणि जगानं जे जपलं ते इथे नव्हतं. एकोणीस वर्षांत एका देशाला जे जे हवंसं वाटलं ते सगळं माझ्या मांडीवर होतं.

मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला खळीचा एक चौकोनी डाग होता. काहीतरी चिकटवून मग खरवडून काढल्यासारखा. दुसरा खंड पाहिला, त्यातही होता. एकोणिसांतही होता.

"म्याडम."

चंपतराव दारात उभे होते. हातात धुतलेला डबा होता आणि चेहरा उतरलेला.

"मीच बांधले थे," ते म्हणाले. "नव्वद साली. नवाच लागलो होतो. गावाकडून येऊन बाइंडिंग शिकलो होतो, हात चांगला होता माहा. कृष्णकांत सर होते तवा लायब्रेरियन. म्हने, जाहिराती काढून टाक अन् मजकूर बांध. अन् मी उलटं केलं."

"उलटं म्हणजे?"

"म्हंजे काय म्हंजे? इंग्रजीत मी धाव्वीले दोनदा नापास. मले काय समजते? आपल्या पेपरात बारीक अक्षराच्या वळी असल्या का त्या जाहिराती रायतेत. टेंडर, जाहीर नोटीस, वधू-वर. हेच पायलं होतं आजवर. मंग हे बारीक अक्षर मी काढून फेकलं. अन् हे रंगीत, चांगल्या कागदाचं, बायामानसाइचं चित्र असलेलं, हाच मजकूर असंल म्हून बांधलं. तीन महिने लागले."

कृष्णकांत सरांनी साऱ्या स्टाफसमोर एक खंड उघडून दाखवला. लोक पोट धरून हसले. मेमो सर्व्हिस बुकात लागला. बांधणाऱ्यानं मागच्या पुठ्ठ्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची असते. चंपतरावांनी लावली होती. त्या संध्याकाळी त्यांनी बसून एकोणीसही चिठ्ठ्या खरवडून काढल्या. तेव्हापासून त्यांनी बांधायची दाभण हातात घेतली नाही. कॉलेजची पुस्तकं बांधायला बाहेर जातात.

"तीस तारखेले मी रिटायर होऊन राहिलो," ते म्हणाले. "माह्या पयले हे रद्दीत जाऊ द्या. मी गेल्यावर कोनी उघडून हासाले नाई पायजे."

आणि मी मूर्खासारखी हसले. आनंदानं हसले हो, पण त्यांना काय कळणार? ते वळून चालायला लागले. मी जिन्यापर्यंत मागे धावले आणि एका श्वासात सगळं सांगितलं. इंटरनेटवरचे अंक, कापलेली पानं, माझं अडलेलं प्रकरण. तुमची चूक हेच माझ्या कामाचं भांडवल आहे, असंही म्हणाले.

"मले बरं वाटावं म्हून बोलता तुमी."

"काका, मी कुणाला बरं वाटावं म्हणून बोलते का कधी?"

हे त्यांना पटलं. जिन्याच्या पायरीवर बसले. डबा शेजारी ठेवून म्हणाले, "म्या पायले हायेत थे सारे. डबा खाल्ल्यावर. पस्तीस वर्सं झाली. बावन्न सालापरेंत पाहा, खुर्च्या घराच्या पुढं हायेत, रस्त्याकडं तोंड करून. आपल्या ओट्यावानी. मंग हळूहळू मागच्या अंगनात गेल्या. छप्पन्नच्या पुढं समोर कोनीच बसत नाई, मोटर तेवढी उभी रायते. आमच्या हुडकेश्वरात आता तेच होऊन राहिलं. म्या माह्या घराले मुद्दाम ओटा ठेवला."

हे लिहिण्यासाठी तिकडच्या विद्वानांनी ग्रंथ खर्ची घातले आहेत. मी ते ग्रंथ वाचले होते, टिपणं काढली होती. या माणसानं एक अक्षर न वाचता, भाकरी खाऊन झाल्यावर, नुसतं बघून ते ओळखलं होतं.

"एक गोष्ट मातर नाई समजली," ते पुढे म्हणाले. "इतक्या चादरी हायेत, झगे हायेत, सदरे हायेत. सारं कापसाचं. काही पानाइवर बोंडाचं चित्र बी हाये. मंग कापूस वेचनारे काहून नाईत? एकोनीस खंड पायले म्या. एक बाई नाई वेचनारी. काळा मानूस एकच दिसते मले घडीघडी, रेल्वेच्या डब्यात ताट धरून उभा. आमची माय हिंगनघाटाकडं जलमभर कापूस वेचत होती. बोटं फाटून जात. तिकडं का आपोआप वेचला जात होता?"

चार वर्षं मी हा विषय करते आहे. दोन परिसंवादांत निबंध वाचले, टाळ्या घेतल्या. हा प्रश्न मला पडला नव्हता. मला समोरच्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि ठेवलं असतं तर ते भडकले असते म्हणून ठेवलं नाही.

पण यादी शनिवारी जाणार होती आणि सोमवारी रद्दीची गाडी येणार होती. मी सुमतीबाईंना गाठलं. त्या भल्या आहेत, पण नियमाला पक्क्या. "नोंद ज्याची, दुरुस्ती त्याची," त्या म्हणाल्या. "'अपूर्ण' हे चंपतरावांनी लिहिलंय. ते चूक आहे असं त्यांनीच समितीपुढे येऊन सांगायचं, कारणासकट."

कारणासकट म्हणजे पुन्हा सगळ्यांसमोर. चंपतरावांनी हात जोडले. "एकडाव हासले, पुरे झालं म्याडम. आता जातानी नको."

शुक्रवारी दिवसभर ते मला टाळत होते. संध्याकाळी सायकल स्टँडवर मी त्यांना अडवलं. "काका, कापूस वेचणाऱ्यांचं मी शोधणार आहे."

ते थांबले. "सापडंल का पन?"

"ती माणसं दुसरीकडे सापडतील. पण त्यांना या चित्रांतून गाळलं होतं, हे मी कशावरून दाखवू? एकोणीस वर्षांची सगळी पानं असतील तरच म्हणता येतं ना, की बघा, एकाही पानावर ती बाई नाही? सोमवारी पानं गेली की तुमचा प्रश्नही गेला."

त्यांनी सायकलचं हँडल दोन वेळा पुसलं आणि ते निघून गेले. मी घरी जाऊन सगळ्यांवर उगाचच ओरडले.

शनिवारी अकरा वाजता ग्रंथालय समिती बसली. प्राचार्य, दोन प्राध्यापक, सुमतीबाई, आणि यादी तपासणारी म्हणून कोपऱ्यात मी. चंपतराव इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. बगलेत १९५३ चा खंड होता. त्यांना बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत.

"यादीतली माही नोंद चूक हाये," ते म्हणाले. "हे खंड अपूर्न नाईत. मजकूर काढून जाहिराती बांधल्या म्या, नव्वद साली, इंग्रजी येत नव्हतं म्हून. त्याचा मेमो हाये. जाहिराती मातर पुऱ्या हायेत. एक पान कमी नाई."

एक प्राध्यापक फिस्सकन हसले. चंपतरावांचे कान लाल झाले. मी खुर्चीतून अर्धी उठले होते, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी खंड टेबलावर ठेवून पान उघडलं, दुसरं उघडलं, तिसरं उघडलं आणि ओट्यावरच्या खुर्च्यांपासून सुरुवात केली. मग चादरी. मग बोंडं. मग "आता मले कोनी सांगा, वेचनारे कुठं हायेत?" हसणारे प्राध्यापक अर्थशास्त्राचे होते. ते चष्मा लावून वाकले आणि बराच वेळ पानं उलटत राहिले. प्राचार्यांनी 'अपूर्ण' वर रेघ मारली आणि कागद चंपतरावांपुढे सरकवला. त्यांनी सही केली.

तीस तारखेला निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सगळं आटोपल्यावर चंपतराव मला तळघरात घेऊन गेले. एका वाटीत त्यांनी मैद्याची खळ शिजवून आणली होती. "मोरचूद टाकलं. कीड लागत नाई," म्हणाले. पिशवीतून दाभण निघाली. १९४९ च्या खंडाची शिवण एका जागी सैल झाली होती, ती त्यांनी आधी ओढून घेतली. पस्तीस वर्षांनी धरलेली दाभण, पण टाका पहिल्या झटक्यात बसला.

मग त्यांनी चिठ्ठ्या काढल्या. एकोणीस. शाईनं, ठळक अक्षरात, घरी बसून लिहिलेल्या. मी खंड उघडून धरायचा आणि त्यांनी त्या जुन्या डागाच्या चौकोनात चिठ्ठी बसवून अंगठ्यानं दाबायची, असं आम्ही तासभर केलं. पहिली चिठ्ठी वाचून मी म्हटलं, "काका, नुसतं नाव पुरे होतं. बाकीचं कशाला लिहिलंत?"

चिठ्ठीवर होतं: 'बांधणी – चंपतराव भोयर, १९९०. मजकूर काढला. जाहिराती ठेवल्या.'

"राहू द्या," ते म्हणाले आणि खळीची बोटं सदऱ्याला पुसली. "उद्या कोनी उघडंल त त्याले समजलं पायजे, का हे कोनं केलं."